छापलेल्या स्टीलचा हीट नंबर काय?

स्लोव्हेनियात क्रश्को नावाचं एक अणुवीज केंद्र आहे, १९८१ पासून चालू असलेलं. तिथल्या आग विझवायच्या पंपाचा इंपेलर, म्हणजे आत फिरून पाणी ढकलणारं चक्र, बदलायची वेळ आली आणि तो बनवणारी कंपनी तर कधीच बंद पडलेली. इंपेलर केवढा, तर १०८ मिलिमीटर व्यासाचा, हातात मावेल एवढा. मग सीमेन्सच्या लोकांनी जुन्या इंपेलरवरून मापं उलटी काढली, कॉम्प्युटरवर मॉडेल केलं, थ्रीडी प्रिंटरवर धातूत छापला, तपासून घेतला आणि २०१७ मधे पंपात बसवून टाकला. अणुवीज केंद्रात छापलेला पार्ट चालू मशीनमधे बसायची ही पहिल्या काहीतली घटना.

हे वाचून भोसरीच्या नाहीतर सांगली-कुपवाडच्या एमआयडीसीतला कोणीही म्हणेल, यात काय एवढं, आम्ही रोज हेच करतो. खरंय. जुनं मशीन, कंपनीचं शटर पडलेलं, मालक तुटका गिअर फडक्यात गुंडाळून घेऊन येतो आणि समोरचा म्हणतो सँपल ठेवून जा, मंगळवारी या. फरक एवढाच की लेथवर केलेल्या गिअरचा रॉड आधीपासून रॉड असतो, तो बाजारातून येतो, त्याच्या टोकाला हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या कुठल्या घाण्याचा माल तो नंबर, पंच केलेला असतो, बरोबर मिलची टीसी, टेस्ट सर्टिफिकेट, असते. छापलेल्या पार्टचा रॉड कधी नसतोच, तो धातूच्या पुडीतून सरळ पार्टच होतो, आणि सगळा घोळ इथे आहे.

मी बरीच वर्षं इन्स्पेक्शनमधे काढली, व्हॉल्व आणि पंपाच्या कास्टिंग-फोर्जिंग बघण्यात. अणुवाल्यांचं काम त्यात थोडंच होतं, त्यामुळे मी काही न्यूक्लिअर एक्स्पर्ट नाही. पण कागद बघायची सवय लागलेली आहे, ती जात नाही. आणि आता आपल्याकडे एकीकडे अणुऊर्जेत प्रायव्हेट कंपन्या येणार, छोटे रिअॅक्टर येणार, दुसरीकडे थ्रीडी प्रिंटिंगवाले म्हणतात आम्ही सगळं छापून देतो, तेव्हा मला वाटतं यावर आत्ताच बोललं पाहिजे. माझं म्हणणं सरळ आहे. स्टेनलेस स्टीलचे छापलेले पार्ट आपल्या अणुवीज केंद्रांत घालायला सुरुवात करा, उशीर नको, पण बारक्या पार्टपासून करा आणि प्रत्येक छपाईचा डेटा, फेल गेलेल्या छपाईसकट, बाहेरच्या माणसालाही बघता येईल असा ठेवा. हे दुसरं जमणार नसेल तर पहिलंही करू नका.

आपल्याला याची गरज आहे का असं विचारणाऱ्यांनी तारापूर आठवावं. पालघर जिल्ह्यातली ही दोन युनिटं १९६९ च्या ऑक्टोबरपासून वीज द्यायला लागली, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधलेली, आणि १९७४ ला पोखरणचा स्फोट झाल्यावर अमेरिकेकडून येणारी मदत हळूहळू आटली. इंधनाच्या भांडणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, स्पेअर पार्टबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. तिथल्या सेकंडरी स्टीम जनरेटरच्या ट्यूब गळायला लागल्या, शेवटी ते बाजूला काढून ठेवावे लागले आणि २१० मेगावॉटचं युनिट १६० वर आलं. ज्यांनी बनवलं ते द्यायला तयार नाहीत, म्हणून आपल्या लोकांनी मिळेल त्यातून, स्वतः ड्रॉइंग काढून, ती युनिटं चालवत ठेवली. क्रश्कोची कंपनी बंद पडली होती, आपल्यासाठी तर सगळा देशच बंद होता.

आणि तारापूरची दुसरी गोष्ट स्टीलचीच आहे. त्या काळच्या बॉइलिंग वॉटर रिअॅक्टरांत, म्हणजे तारापूरच्या जातीच्या, पाइप ३०४ स्टेनलेसचे असायचे. स्टेनलेस म्हणजे गंजत नाही असं आपण भांड्यांवरून धरून चालतो, पण ३०४ ला वेल्डिंग केलं की वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यात कार्बन क्रोमियमला पकडतो, स्टीलच्या आतल्या दाण्यांच्या कडेला क्रोमियम कार्बाइड तयार होतं, आणि त्या कडेलाच गंजाशी लढायला क्रोमियम उरत नाही. वर वेल्डचा ताण आणि आत ऑक्सिजन मिसळलेलं गरम पाणी. मग दाण्यांच्या कडेकडेने भेग सरकत जाते, अगदी सावकाश, वर्षानुवर्षं, बाहेरून काही दिसत नाही. जगभरात या जातीच्या रिअॅक्टरांना हा त्रास झाला, त्यातून कमी कार्बनचे ३०४ एल, ३१६ एल हे ग्रेड पुढे आले. तारापूरची दोन्ही जुनी युनिटं २०२० मधे लांबलचक बंदवर गेली तीही रिसर्क्युलेशनचे पाइप बदलायच्या कामासाठी. म्हणजे स्टीलची चूक कळायला आणि निस्तरायला अर्धं आयुष्य जातं, हे आपल्याला घरच्या उदाहरणावरून माहिती आहे.

आता छापतात कसं ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ३१६ एल ची पूड घेतात, दाणा साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचा, मैदा म्हणा. आर्गॉन भरलेल्या बंद पेटीत या पुडीचा केसाहून पातळ थर पसरतात आणि जिथे पार्ट हवा तेवढ्याच जागेवरून लेझर फिरवतात, तेवढी पूड वितळून खालच्या थराला चिकटते. मग पाट किंचित खाली, परत थर, परत लेझर. असे हजारो थर. रांगोळीच्या गालिच्यावर गालिचा घालत गेल्यासारखं, आणि शेवटी न वितळलेली पूड झटकली की आतून पार्ट निघतो. वेग म्हणाल तर एका लेझरमागे तासाला शे-दीडशे ग्रॅम धातू, आणि नेहमीच्या मशीनची पेटी साधारण पाव मीटर बाय पाव मीटर. त्यामुळे जे म्हणतात आता रिअॅक्टरच छापू, त्यांना नम्रपणे सांगावंसं वाटतं की रिअॅक्टर व्हेसल शेकडो टनांचं असतं, तुम्ही लागा कामाला, नातवंडं बसवतील.

पण जे निघतं ते स्टील खरंच वेगळं असतं. वितळलेला ठिपका सेकंदाला लाखो अंश या वेगाने थंड होतो, त्यामुळे आत अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासच्या कप्प्यांची बारीक जाळी तयार होते. २०१७ मधे कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर लॅबच्या लोकांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी दाखवून दिलं की असं छापलेलं ३१६ एल नेहमीच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट ताण सोसतं आणि तरी ताणलंही जातं, कडक झालं म्हणून काचेसारखं तुटत नाही. धातूवाल्यांच्या जगात ही मोठी गोष्ट, कारण साधारणपणे एक मिळवायला गेलं की दुसरं जातं.

मग अडचण काय. तर लेझरची पॉवर जरा कमी पडली की थरांच्या मधे न वितळलेली फट राहते, जास्त झाली की वाफेचा बुडबुडा आत अडकतो. पुडीला ऑक्सिजन लागलेला असतो, तीच पूड चाळून पुन्हा पुन्हा वापरली की वाढतो, त्याचे बारीक ऑक्साइड स्टीलमधे बसतात आणि हातोड्याचा झटका सोसायची ताकद कमी होते. उभ्या दिशेने ओढलं तर एक आकडा, आडव्या दिशेने दुसरा. पेटीतून वाहणारा गॅस एका कोपऱ्यात नीट पोचला नाही तर त्या कोपऱ्यातला पार्ट शेजारच्या पार्टपेक्षा वेगळा, एकाच मशीनवर, एकाच रात्री. यावर उपाय आहे, हिपिंग करतात, म्हणजे हजार-अकराशे अंशाच्या पुढे नेऊन चारी बाजूंनी गॅसच्या दाबाखाली पार्ट दाबतात, बरीचशी भोकं मिटतात. पण तेवढ्या गरमीत ती सुंदर बारीक जाळीही विरघळते आणि ताकद बरीच खाली येते. त्यामुळे कोणी तुम्हाला छापलेल्या ३१६ एल च्या ताकदीचा आकडा दाखवला तर आधी विचारा, हा हिपच्या आधीचा की नंतरचा. प्रेझेंटेशनमधे बहुतेक वेळा आधीचा असतो आणि पार्ट मात्र नंतरचा वापरायचा असतो. (मी स्वतः हे दोनदा बघितलंय, दोन्ही वेळा चहा येईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.)

आता परत हीट नंबरकडे. जुन्या पद्धतीत भट्टीतून एक हीट निघते, काही टनांची, तिचे तुकडे कापून टेस्ट करतात आणि ती टीसी त्या हीटच्या प्रत्येक रॉडला, प्रत्येक प्लेटला लागू होते. आधी धातू पास, मग त्यातून आकार. इन्स्पेक्शनची आमची सगळी इमारत या एका गोष्टीवर उभी आहे. छपाईत धातू आणि आकार एकाच वेळी जन्माला येतात. पुडीची टीसी असते, पण ती पुडीची, पार्टची नाही, पार्टमधला धातू तर त्या रात्री त्या मशीनने बनवला. म्हणजे प्रत्येक छपाई ही स्वतःच एक हीट झाली, आणि प्रिंटरवर बसलेला ऑपरेटर हा नकळत स्टील मिलचा मालक झाला. गणित केलं तर जुन्या पद्धतीच्या एका हीटमधे जेवढा माल येतो तेवढ्यासाठी इथे शेकडो हीट, प्रत्येकीचा स्वभाव थोडा वेगळा.

कोणी म्हणेल मग जुनंच बरं, जुन्यात निदान कागद पक्का. इथे मला एक आठवण सांगू दे. एका फाउंड्रीत, नाव घेत नाही, दोन वेगळ्या हीटच्या ३१६ च्या टीसी माझ्यासमोर आल्या आणि कार्बनपासून मॉलिब्डेनमपर्यंत सगळे आकडे सेम, दशांशासकट. मी विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, मॅडम टाइप करताना राहिलं असेल, माल एकदम ओके आहे. पीएमआय गन, धातूत काय काय आहे ते जागेवर सांगणारी, मागवली, लावली, तर एका लॉटमधे मॉलिब्डेनम जवळजवळ नव्हतंच. म्हणजे ३१६ नव्हतंच ते. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, वैताग होता, की या बाईने आज डिस्पॅच अडवला.

आणि हे फक्त आपल्याकडे चालतं असं समजू नका. फ्रान्समधे क्रूझो फोर्ज म्हणून जुना नावाजलेला कारखाना, अणुभट्ट्यांची मोठमोठी फोर्जिंग तिथे व्हायची. २०१५ मधे तिथल्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने जाहीर केलं की फ्लामनव्हिलच्या नव्या ईपीआर रिअॅक्टरच्या व्हेसलच्या झाकणात आणि बुडात काही भागात कार्बन ठरल्यापेक्षा जास्त आहे. मग जुने कागद उकरले गेले आणि २०१६ मधे कारखान्याच्या मालक कंपनीने, अरेव्हाने, स्वतः सांगितलं की साधारण ४०० फाइलींमधे गडबड आहे. त्या काळात आपल्या रत्नागिरीत जैतापूरला जे रिअॅक्टर येणार म्हणून आंदोलनं चालली होती ते याच ईपीआर जातीचे. आंदोलनात भूकंप, मासेमारी, जमीन सगळं निघालं आणि निघायलाच हवं होतं, पण फोर्जिंगच्या फाइलींबद्दल मी तरी एकही घोषणा ऐकली नाही.

त्याच फ्रान्समधे २०२१ च्या शेवटी सिव्हो केंद्रात आपत्कालीन पाणी सोडायच्या लाइनमधे वेल्डजवळ भेगा सापडल्या. पाइप ३१६ एल चे, रीतसर बनवलेले, टीसी व्यवस्थित, हा त्रास होणार नाही असं मानलेला ग्रेड. एकामागून एक रिअॅक्टर तपासणीसाठी बंद करावे लागले आणि २०२२ मधे त्यांची अणुवीज २७९ टेरावॉट-तासांवर घसरली, तीसेक वर्षांतली सगळ्यात कमी. तेही युरोपात गॅसची बोंब असताना. तेव्हा जुनं म्हणजे सुरक्षित हा युक्तिवाद माझ्याकडे चालत नाही. जुन्या स्टीलचा भरवसा त्याच्या जुनेपणातून आलेला नाही, ते पन्नास-साठ वर्षं पाण्यात, रेडिएशनमधे, वेल्डखाली राहिलं, फुटलं, आणि फुटलेलं लोकांनी लिहून ठेवलं म्हणून आलाय. छापलेल्याकडे ती वही अजून कोरी आहे.

मजा अशी की वही भरायची सोय छपाईत जुन्यापेक्षा जास्त चांगली आहे. फोर्जिंगच्या पोटात काय चाललंय हे हातोडा पडताना कोणाला दिसत नाही. इथे प्रत्येक थराचा फोटो काढता येतो. अमेरिकेतल्या ओक रिज लॅबने पेरेग्रीन नावाचं सॉफ्टवेअर केलंय, ते थराथराचे फोटो बघून कुठे पूड नीट पसरली नाही, कुठे ठिणगी उडून पडली हे शोधतं, आणि त्यांनी असे फोटोंचे डेटासेट सगळ्यांसाठी उघडे ठेवलेत. पुण्यातला विद्यार्थीही ते उतरवून घेऊ शकतो. अणुबाँबच्या मॅनहॅटन प्रोजेक्टमधून जन्मलेली लॅब आहे ती, आणि ती स्टीलच्या थरांचे फोटो लपवत नाही हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ओक रिजचीच अजून एक गोष्ट. २०१९ मधे त्यांनी मोठा गाजावाजा करून प्रोजेक्ट काढला की २०२३ पर्यंत थ्रीडी प्रिंटिंग वापरून एक आख्खा छोटा रिअॅक्टर उभा करू. २०२१ येईपर्यंत तो बेत गुंडाळला गेला, रिअॅक्टर काही उभा राहिला नाही. त्यातून जे प्रत्यक्ष रिअॅक्टरमधे पोचलं ते म्हणजे ३१६ एल चे चार ब्रॅकेट. चॅनल फास्टनर म्हणतात त्यांना, इंधनाच्या जुडग्याभोवतीची चौकोनी नळी जागेवर धरून ठेवणारे. फ्रामॅटोमबरोबर करून २०२१ मधे ते अलाबामातल्या ब्राउन्स फेरी केंद्राच्या दुसऱ्या युनिटमधे बसवले, सहा वर्षं आत ठेवायचे आणि मधे मधे काढून बघायचे असं ठरवून. ब्राउन्स फेरी म्हणजे तेच, जिथे १९७५ मधे हवेची गळती शोधायला मेणबत्ती धरली आणि केबलला आग लागली. तिथले रिअॅक्टरही जनरल इलेक्ट्रिकचे बॉइलिंग वॉटर, आपल्या तारापूरच्या भावकीतले.

रिअॅक्टर छापायला निघाले आणि चार ब्रॅकेटवर आले म्हणून हसू येतं, मलाही आलं होतं. पण मला वाटतं त्या सगळ्या खटाटोपात शहाणपणाचं काम ते चार ब्रॅकेटच होते. आदल्या वर्षी, २०२० मधे, वेस्टिंगहाऊसने इलिनॉयच्या बायरन केंद्रात एक छापलेला थिंबल प्लगिंग डिव्हाइस, इंधनाच्या जुडग्यातल्या रिकाम्या नळ्या बुजवणारा पार्ट, बसवला, पुढे २०२२ मधे फिनलंडच्या ओल्किलुओटो आणि स्वीडनच्या ऑस्कर्सहाम्न केंद्रांत इंधनाच्या तळाशी कचरा अडवणारे छापलेले फिल्टर घातले. फिल्टरचं तर कारणही पटतं, आतल्या वाटा अशा वाकड्या की ड्रिलने किंवा मिलिंगने त्या करताच येत नाहीत. सगळीकडे पद्धत एक. पार्ट छोटा, बिघडला तर पळापळ होणार नाही असा, पण खऱ्या पाण्यात, खऱ्या न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवलेला.

आपल्याकडे छपाई येत नाही असं कोणी म्हणू नये. इस्रोने ९ मे २०२४ ला पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं छापलेलं इंजिन ६६५ सेकंद चालवून दाखवलं. चौदा पार्टचा एक पार्ट झाला, एकोणीस वेल्ड गेले, आणि जिथे ५६५ किलो माल लागायचा तिथे १३.७ किलो पूड लागली. छाती फुगावी असंच आहे. इंदूरच्या राजा रामण्णा सेंटरमधे लेझरने धातू छापायची मशीनं आपणच बनवलीत, ट्रॉम्ब्याला भाभा सेंटरमधे धातूचा अभ्यास करणारी पिढ्यान् पिढ्यांची माणसं आहेत. पण रॉकेटवरून सरळ रिअॅक्टरवर उडी मारणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो. ते इंजिन ६६५ सेकंद चाललं. रिअॅक्टरमधला पार्ट चाळीस ते साठ वर्षं चालायचा आहे, आणि तारापूरच्या पाइपांनी दाखवलं तसं, पहिली काही वर्षं तो छानच दिसणार आहे.

इथे मला वाटणारी सगळ्यात घाईची गोष्ट येते. पैसा टाकून मशीन विकत मिळतं, माणसं ट्रेन होतात, पण रेडिएशनमधे घालवलेली वर्षं विकत मिळत नाहीत. सरकारने २०२५ च्या बजेटमधे सांगितलं २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज (तेव्हा होती ती ८ च्या जरा वर), छोट्या रिअॅक्टरच्या संशोधनाला २०,००० कोटी, आणि २०३३ पर्यंत निदान पाच देशी छोटे रिअॅक्टर चालू. बरं. या पाचांत एखादा छापलेला स्टेनलेस पार्ट घालायचा तर त्याचा दहा वर्षांचा डेटा कधी सुरू व्हायला हवा होता, हिशोब करा. आपली छापलेली कूपन, म्हणजे टेस्टसाठी छापलेले तुकडे, आपल्या पुडीची, आपल्या मशीनवरची, ट्रॉम्ब्याच्या ध्रुवमधे, कल्पक्कमच्या फास्ट ब्रीडर टेस्ट रिअॅक्टरमधे, चालत्या केंद्रांच्या पाण्यात या वर्षी गेली नाहीत तर तेव्हा आपण परदेशी कंपनीचा डेटा तिच्या किमतीत आणि तिच्या अटींवर घेणार. तारापूरनंतर तरी हे आपल्याला सांगायला लागू नये.

एक कबूल केलं पाहिजे, आपले बहुतेक रिअॅक्टर हेवी वॉटरचे, त्यांच्या गाभ्यात झिर्कोनियमच्या नळ्या आणि गाभ्याला जोडणारे फीडर पाइप कार्बन स्टीलचे, तेव्हा स्टेनलेस छापून सगळं होणार नाही. पण कॅलँड्रिया, म्हणजे हा गाभा ज्यात बसतो ती टाकी, स्टेनलेसची आहे, पंप-व्हॉल्व आहेत, आणि फ्युएलिंग मशीन तर बारक्या अवघड पार्टचं भांडारच. पहिल्या दिवशी कॅलँड्रियाला कोणी हात लावू नये. आगीचे पंप, कूलिंग वॉटरचे व्हॉल्व, क्रश्कोने केलं तेच.

आणि स्वस्त होईल म्हणून करा असं मी म्हणणार नाही. अणुवीज महाग पडते ती काँक्रीट, व्याज आणि लांबलेल्या वर्षांमुळे, इंपेलरमुळे नाही. छापलेला पार्ट बहुतेक वेळा कास्टिंगपेक्षा महागच पडेल. मिळतच नसलेला पार्ट मिळतो हा फायदा आहे, आणि पार्ट नाही म्हणून युनिट बंद ठेवायला लागलं तर त्या एका दिवसाची वीज त्या पार्टपेक्षा कितीतरी महाग असते.

आता डेटा उघडा ठेवायचा मुद्दा, ज्यावर माझं ऑफिसातल्या जुन्या लोकांशी नेहमी भांडण होतं. ते म्हणतात अणुखातं आहे, सिक्युरिटी आहे, असं सगळं बाहेर टाकता येत नाही. मी म्हणते कुठल्या शत्रूला आगीच्या पंपाच्या इंपेलरच्या झटका-चाचणीचा आकडा कळल्यावर बाँब करता येतो? ओक रिजला भीती वाटत नाही आणि आपल्याला वाटते. दुसरा आक्षेप कंपन्यांचा, की लेझरची सेटिंग हा आमचा धंदा आहे. ठीक, सेटिंग ठेवा तिजोरीत. पण पुडीचा लॉट, ती कितव्यांदा वापरली, पार्ट पेटीत कुठे होता, हिपचा चार्ट, बरोबर छापलेल्या कूपनचे निकाल, आणि किती छपाया फेकून दिल्या, हे उघडं पाहिजे. फेकलेल्यांचा आकडा तर सगळ्यात आधी. शंभरातले पाच पास दाखवणारा आणि शंभरातले पंचाण्णव पास दाखवणारा, दोघांच्या टीसी दिसायला सारख्याच असतात. आणि दहा कंपन्यांनी पाच पाच छपायांची माहिती आपापल्या कपाटात ठेवली तर कोणाकडेच काही सिद्ध करण्याइतका माल नाही, एकत्र केली तर पन्नास होतात.

डिसेंबर २०२५ मधे संसदेने शांती कायदा पास केला. प्रायव्हेट कंपन्यांना दार उघडलं, आणि अणुऊर्जा नियामक मंडळ, जे १९८३ पासून सरकारी आदेशावर चालत होतं, त्याला कायद्याचा आधार मिळाला. हे दुसरं चांगलं झालं. पण अणुअपघाताच्या भरपाईच्या २०१० च्या कायद्यात माल खराब निघाला तर केंद्र चालवणाऱ्याला पुरवठादाराकडे भरपाई मागायचा जो हक्क होता, तो तसा आता राहिला नाही, करारात लिहून घेतलं असेल किंवा कोणी मुद्दाम नुकसान केलं असेल तरच. परदेशी कंपन्या याचसाठी पंधरा वर्षं अडून बसल्या होत्या. या निर्णयावर वेगळं भांडता येईल, पण ज्या क्षणी पार्ट बनवणाऱ्याच्या डोक्यावरची कायद्याची टांगती तलवार हलकी झाली त्याच क्षणी त्याच्या कागदावरची नजर कडक व्हायला हवी होती की नको? छापलेल्या पार्टच्या बाबतीत तर नक्कीच, कारण तिथे स्टील मिल, फाउंड्री आणि मशीन शॉप हे तिन्ही एकाच खोलीत बसलेत आणि एकमेकांचं चेकिंग करणारं कोणी उरलं नाही. पूर्वी मिलने चूक केली तर फोर्जवाल्याला सापडायची शक्यता होती, त्याने केली तर मशीन शॉपला. म्हणून नियामक मंडळाने छापलेल्या धातूसाठी वेगळी मार्गदर्शक सूचना काढावी, तिचा कच्चा खर्डा लोकांपुढे ठेवावा, अमेरिकेच्या नियामकाने या नव्या पद्धतींसाठी खर्डे लोकांपुढे ठेवलेत तसा, आणि त्यावर वालचंदनगरपासून विक्रोळीपर्यंत ज्यांनी अणुकेंद्रांचं काम हाताने केलंय त्यांना बोलू द्यावं. हे लोक मीटिंगमधे कमी बोलतात, पण कुठली गोष्ट ड्रॉइंगमधे आहे आणि शॉपवर कधीच होत नाही हे त्यांना पाठ असतं.

लहान कारखान्यांना हे सगळं परवडणार नाही ही तक्रार मात्र खरी आहे. हिपिंगची सोय मोजक्या ठिकाणी, टेस्टिंग महाग, एका पार्टमागे पाच कूपन तोडायची म्हणजे धंदा कसा करायचा. यावर सरकारी खर्चाने चालणारं सामायिक टेस्टिंग केंद्र हाच उपाय मला दिसतो, आणि २०,००० कोटींत ते कुठेतरी चुरमुऱ्यासारखं बसून जाईल.

माझी रिटायरमेंट फार लांब नाही, पण त्याआधी एखादा छापलेला पार्ट माझ्या टेबलावर येईल अशी आशा आहे. कोणीतरी पोरगा घेऊन येईल, त्यावर लेझरने नंबर कोरलेला असेल आणि तो फॉर्म भरताना अडेल, मॅडम इथे हीट नंबर मागितलाय, काय लिहू, पावडरचा लॉट की बिल्ड नंबर? मी म्हणेन दोन्ही लिही, आणि शेजारी लिही प्लेटवर कुठल्या कोपऱ्यात होता. फॉर्ममधे त्याला रकाना नसेल. मार्जिनमधे लिही म्हणेन.